वृक्षवैद्यकाच्या पोथ्या व जालना प्रांतांतील बागा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सीताध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें प्रकरण आहे. राजाच्या शेतीचा हा मुख्य. त्यास कोणकोणत्या विद्या अवगत असाव्यात हें सांगतांना ग्रंथकारानें वृक्षायुर्वेदाचें नांव स्पष्ट घेतलें असून, तो स्वतः तज्ज्ञ नसेल तर त्यानें तज्ज्ञ माणूस बरोबर ठेवावा, अशी पुस्ती जोडली आहे. श्यामशास्त्री यांस हा ग्रंथ म्हैसूरच्या हस्तलिखितसंग्रहांत इ. स. १९०५ मध्यें हातीं लागला व १९०९ सालीं त्यांनीं तो छापिला. त्यांनीं या ठिकाणीं 'गुल्म' असा पाठ घेतला आहे, रा. प. कंगले यांच्या १९६० सालच्या चिकित्सित आवृत्तींत 'शुल्ब' हा पाठ स्वीकारलेला आहे, व त्या शब्दाच्या अर्थाविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. परंतु पाठ कोणताही घेतला तरी 'वृक्षायुर्वेद' हा शब्द जागचा हलत नाहीं, आणि आमच्या प्रस्तुत विषयास तेवढें पुरेसें आहे.

झाडांची निगा ही एक स्वतंत्र विद्या आहे, ती शिकलेला मनुष्य निराळा असतो, आणि अधिकाऱ्यास ती येत नसेल तर त्यानें त्या मनुष्याच्या सल्ल्यानें चालावें, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. तिचें पुढें काय झालें, हा प्रश्न आम्हांस जालना जिल्ह्याच्या बागांनीं घातला. या जिल्ह्यांत समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आहे. याच जिल्ह्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आणि याच जिल्ह्यांत २०१२-१३ च्या अवर्षणांत शेतकऱ्यांनीं वाळलेल्या मोसंबीच्या बागा आपल्या हातांनीं तोडून सरपणास लाविल्या. पोथी, बाग आणि मृत्यु या तिन्ही गोष्टी एका मुलुखांत इतक्या जवळ आलेल्या असतां, आम्हां कागदपत्रें जमविणाऱ्यांनीं त्या विषयाकडे पाठ फिरवून बसावें हें बरें नव्हे.

प्रथम पोथ्यांचा विचार करूं. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत नगरोपवनांतील झाडांस इजा करणारास दंड सांगितला आहे. फुलें, फळें अगर छाया देणाऱ्या झाडाचा अंकुर तोडल्यास सहा पण, लहान फांदीस बारा पण, जाड फांदीस चोवीस पण, खोडाचा नाश केल्यास पूर्व साहसदंड, व झाड समूळ उपटल्यास मध्यम साहसदंड. वाचकांनीं ही श्रेणी बारकाईनें पाहावी. दंड ठरविणारास अंकुर, क्षुद्र शाखा, पीन शाखा व स्कंध यांतील भेद पाहून निर्णय करावा लागे. अर्थात् कोणती इजा झाडास कितपत घातक हें जाणणारा कोणी तरी पंच हवाच. आज आपल्या नगरांत फांद्या उतरविण्याचा मक्ता घेणारा मनुष्य व त्यास परवानगी देणारा कारकून या दोघांपैकीं बहुधा एकासही जो भेद सांगतां येत नाहीं, तो येथें दंडाच्या कोष्टकांत बसविलेला आहे.

दुसरें स्थळ वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्यायाचें. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील हा ग्रंथ. अध्यायाचा क्रमांक कांहीं आवृत्तींत चौपन्न व कांहींत पंचावन्न असा येतो, म्हणून संदर्भ देणारानें आवृत्तीचें नांव देण्यास चुकूं नये. जलाशयाच्या कांठीं छाया नसेल तर तो शोभत नाहीं, यास्तव तेथें बाग करावी, अशी सुरुवात करून ग्रंथकार लगेच कामाच्या गोष्टींकडे वळतो. दोन झाडांत वीस हातांचें अंतर उत्तम, सोळा हातांचें मध्यम, व बारा हातांचें कनिष्ठ. जवळ लावलेल्या झाडांचीं मुळें एकमेकांत गुंतून त्यांस चांगलें फळ येत नाहीं. पाणी उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिंवाळ्यांत एक दिवसाआड, व पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां द्यावें. थंडी, वारा व ऊन यांच्या योगानें झाडास रोग होतो. पानें पिवळीं पडणें, कोंब न वाढणें, फांद्या वाळणें व रस गळणें हीं त्याचीं लक्षणें. उपाय असा कीं प्रथम शस्त्रानें दूषित भाग शुद्ध करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूधपाण्याचें सिंचन करावें.

या चार ओळींत रोगाचें कारण, लक्षण, शस्त्रकर्म व लेप असा वैद्यकाचा पुरा क्रम आहे. तो खरा किती, याचा विचार पुढें येईल.

तिसरा व सर्वांत मोठा ग्रंथ सुरपालाचा. भीमपाल राजाच्या पदरीं असलेल्या या वैद्याचा वृक्षायुर्वेद तीनशें पंचवीस श्लोकांचा असून, त्याचा काळ सामान्यतः इ. स. १००० च्या सुमाराचा धरतात. या ग्रंथाची हकीकत आमच्या वाचकांस चटका लावील अशी आहे. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होती. ती तेथून मिळवून प्रसिद्धीस आणण्याचें श्रेय डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांस आहे. नेने हे संस्कृतज्ञ नव्हेत; ते वनस्पतींच्या रोगांचे शास्त्रज्ञ होते, व तराईंतील भाताचा 'खैरा' रोग कोणत्याही जंतूमुळें होत नसून जमिनींतील जस्ताच्या अभावानें होतो हें त्यांनीं १९६६ च्या सुमारास दाखवून दिलें होतें. त्यांच्या पुढाकारानें १९९४ सालीं सिकंदराबाद येथें आशियाई कृषि-इतिहासाची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. नलिनी साधले यांनीं केलेलें सुरपालाचें भाषांतर तिनें १९९६ सालीं छापिलें. त्यापूर्वीं शार्ङ्गधरपद्धतींतील 'उपवनविनोद' हा भाग गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ सालीं कलकत्त्यास संपादून काढिला होता. शार्ङ्गधराचा संग्रह इ. स. १३६३ चा, त्यांतील व सुरपालाच्या ग्रंथांतील मजकूर पुष्कळ ठिकाणीं मिळताजुळता आहे.

येथें संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. अशा प्रकरणांस स्वतंत्र ग्रंथाचें रूप क्वचितच असतें. बृहत्संहितेचा अध्याय ज्योतिषाच्या बासनांत असतो, उपवनविनोद सुभिषितांच्या पोथींत बांधलेला असतो, आणि 'आयुर्वेद' हा शब्द पाहून सूचीकार सुट्या पानांची रवानगी वैद्यकाकडे करण्याचा संभव फार. म्हणून वृक्षायुर्वेद शोधणारानें सूचींतील नांव पाहून थांबूं नये. बासन सोडून पानें उलटावीं.

आतां या ज्ञानाच्या खरेपणाकडे वळूं. याविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें. दुसरा म्हणतो कीं हीं सर्व बडबड आहे. आम्हांस दोन्ही पक्ष आळशी वाटतात. सुरपाल झाडांचे रोग वात, पित्त व कफ या त्रिदोषांत विभागतो. हें माणसाचें वैद्यक झाडावर जसेंच्या तसें बसविणें झालें, व त्यास प्रत्यक्षाचा आधार नाहीं. सुंदरीच्या पादस्पर्शानें अशोक फुलतो, असल्या दोहदांच्या कविसंकेतांसही अशा ग्रंथांत जागा मिळालेली आहे. पण त्याच ग्रंथांत 'कुणपजल' सांगितलें आहे. मांस, चरबी, मज्जा वगैरे पाण्यांत शिजवून, त्यांत तिळाची पेंड, भिजविलेले उडीद, मध, दूध, तूप, कोंडा घालून तें मिश्रण भांड्यांत आंबत ठेवावयाचें व मग मुळांशीं द्यावयाचें. किळसवाणें खरें; परंतु प्राणिज द्रव्य आंबवून त्यांतील नत्र झाडास लवकर घेतां येईल अशा रूपांत आणणें, ही गोष्ट आजच्या खतशास्त्रास मुळींच अपरिचित नाहीं.

दोष निराळ्या ठिकाणीं आहे. या द्रव्यांच्या परिमाणाचा नियम नाहीं, असें ग्रंथकार स्वतःच सांगतो. प्रमाण नाहीं म्हणजे प्रयोग पुन्हां करून पाहण्याची सोय नाहीं. दोघांनीं केला व निरनिराळें फळ आलें तर कोणाचें चुकलें हें कळावयास मार्ग नाहीं. याच्या शेजारीं बोर्डो मिश्रणाचें उदाहरण ठेवावें. फ्रान्सांतील बोर्डो प्रांतीं द्राक्षांच्या वेलींवर वाटसरूंनीं घड चोरूं नयेत म्हणून मोरचूद व चुना शिंपडीत असत. मिलार्डे नामक प्राध्यापकाच्या ध्यानांत आलें कीं शिंपडलेल्या वेलींचीं पानें केवड्या रोगापासून वांचतात. ही मूळ गोष्ट आपल्या गांवच्या एखाद्या बागवानाच्याही दृष्टीस पडली असती. मिलार्डेनें पुढें प्रमाणें बदलून प्रयोग केले, ते लिहून ठेवले, व १८८५ सालीं प्रसिद्ध केले. आज जालन्याचा बागाईतदार मोसंबीच्या खोडास जो बोर्डो मलम फांसतो, त्यांत मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो व पाणी दहा लिटर असें ठरलेलें माप असतें. वराहमिहिराचा चिखल-तुपाचा लेप आणि हा निळा मलम यांतील अंतर बुद्धीचें नव्हे, नोंदीचें आहे.

शस्त्रकर्माविषयीं तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. युरोप-अमेरिकेंतही वृक्षवैद्य म्हणविणारे लोक फार दिवस फांदी खोडालगत साफ कापीत, जखमेवर डांबर अगर रंग लावीत, व पोकळी सिमेंटानें भरीत. जॉन डेव्ही याचें 'वृक्षवैद्य' या अर्थाचें इंग्रजी पुस्तक १९०१ चें; १९२४ सालीं कनेक्टिकट संस्थानांत धंदेवाले व शास्त्रज्ञ यांची पहिली परिषद भरली, व तींतून पुढें त्या धंद्याची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. पन्नास वर्षें उलटल्यावर अमेरिकन वनखात्यांतील ॲलेक्स शायगो यानें हजारों खोडें उभीं चिरून पाहिलीं, आणि १९७७ सालीं असें मांडलें कीं माणसाची जखम भरून येते तशी झाडाची येत नाहीं. झाड कुजलेल्या भागाभोंवतीं भिंती उभारून त्यास कोंडतें व बाहेरून नवें लांकूड घालतें. फांदीच्या बुडाशीं जो फुगीर पट्टा असतो त्यांत या भिंती घालण्याची शक्ति असते. तोच कापून टाकिला म्हणजे दार उघडें राहिलें. डांबर-रंगाच्या लेपानें आंतील कुजणें थांबत नाहीं, हें त्याच्या प्रयोगांतून दिसून आलें. म्हणजे वृक्षवैद्यांच्या दोन पिढ्या मोठ्या आत्मविश्वासानें जें करीत होत्या तें झाडांस अपायकारक होतें, आणि हें त्या धंद्यास मान्य करावें लागलें.

मग मोसंबीच्या खोडास मलम कां लावावयाचा? कारण रोग निराळा. डिंक्या हा सालीचा रोग असून तो जमिनींतील फायटोप्थोरा नामक सूक्ष्म बुरशीसारख्या जीवापासून होतो. साल कुजते, डिंक वाहतो, व खोडाभोंवतीं पट्टा पूर्ण झाला कीं झाड मरतें. येथें कुजकी साल धारदार चाकूनें खरवडून ताम्रयुक्त लेप देण्यास अर्थ आहे, कारण तांबें त्या जीवास मारतें. वराहमिहिराचा 'प्रथम शस्त्रानें शुद्धि' हा अर्धा उपाय आजही शेतकरी करतो. उरलेला अर्धा त्यानें बदलला. जुन्या ग्रंथाचें मूल्यमापन असें तुकड्यातुकड्यानें करावें लागतें, व तें केवळ पंडिताच्या हातून होण्यासारखें नाहीं.

आतां महाराष्ट्राकडे येऊं. कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास (सुमारें इ. स. ११३०) हा ज्या राजवटींत झाला तिची सत्ता मराठवाड्यावर होती, त्यांत राजाच्या विनोदांच्या निमित्तानें उपवनांचा विषय आला आहे. परंतु तो राजविलासाचा ग्रंथ, बागवानाचा नव्हे. समर्थांचें 'बाग प्रकरण' यापेक्षां आम्हांस जवळचें. शके १५३० त जांब येथें जन्मलेल्या या पुरुषानें, इमारतीच्या कामावर जसें 'कारखाने प्रकरण' लिहिलें, तसेंच हें बागेवर लिहिलें. त्याचें स्वरूप मुख्यतः झाडाझुडपांच्या व वेलींच्या नामावळीचें आहे. कोणी म्हणेल कीं नुसत्या नांवांत काय आहे? आमचें मत उलट आहे. ज्या वनस्पतीस नांव नाहीं तिच्या रोगाची नोंदही होत नाहीं. सतराव्या शतकांतील मराठी माणूस कोणकोणत्या झाडांस वेगवेगळें ओळखीत होता याची ही यादी आहे, व तिच्या निरनिराळ्या हस्तलिखित प्रतींतील पाठभेद जुळवून प्रत्येक नांवापुढें आजचें शास्त्रीय नांव लिहिणें हें काम वनस्पतिशास्त्रज्ञ व मोडी-बाळबोधीचा जाणकार यांनीं एकत्र बसून करण्यासारखें आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं धुळ्यास समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें जमवून ठेविलीं आहेत. तेथूनच आरंभ व्हावा.

आज्ञापत्राचाही उल्लेख येथें करणें प्राप्त आहे, कारण त्यासंबंधीं एक गैरसमज फार पसरला आहे. आंबा-फणसादि झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, सबब आरमाराच्या लांकडासाठीं तीं जुलुमानें तोडूं नयेत. धन्यास राजी करून, मोल देऊन, जीर्ण झालेलें झाड घ्यावें, अशा आशयाचा मजकूर शिवछत्रपतींचें पत्र म्हणून ठिकठिकाणीं फलकांवर लिहिलेला दिसतो. हा मजकूर रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांतील आरमाराच्या प्रकरणाचा असून तो अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील आहे. शिवकालीन धोरणाचें त्यांत प्रतिबिंब असेल. परंतु धोरणाचें प्रतिबिंब निराळें व महाराजांचें पत्र निराळें. झाडें वांचविण्याच्या सत्कार्यासाठीं देखील कागदाचा कर्ता बदलूं नये.

जालना शहराविषयीं 'जालना, सोने का पालना' अशी म्हण आहे. ती तेथील व्यापारावरून पडली असावी. बागाईताचें म्हणावें तर शहराचा मोती तलाव व गांवोगांवच्या विहिरी हेंच पूर्वीं त्याचें बळ होतें; पैठणचें जायकवाडी धरण १९७६ त पुरें झाल्यावर त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांस मिळूं लागलें. मोसंबी मात्र या भूमींत मूळची नव्हे. महाळुंग, ईडलिंबू, नारिंग हीं नांवें जुनीं. मोसंबी हें नांव आफ्रिकेंतील मोझांबिक देशावरून आलें असें मानतात. मुंबई इलाख्यांत या फळझाडांचा शास्त्रीय अभ्यास पुण्याजवळील गणेशखिंडीच्या बागेंत झाला. ती बाग १८७३ ची, व तिची व्यवस्था पाहणारा वुड्रो आणि पुढें डॉ. चिमा यांचीं नांवें आजही बागाईतदारांच्या तोंडीं आहेत. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें व १९४८ पर्यंत राहिलें, त्यामुळें त्या प्रयोगांचा वारा इकडे उशीरा पोंचला. औरंगाबादेच्या मोगलकालीन हिमायतबागेंत आज फळसंशोधन केंद्र आहे, आणि जालना जिल्ह्यांत बदनापूर येथें मोसंबी संशोधन केंद्र आहे. दोन्ही परभणीच्या कृषि विद्यापीठाचीं. हें विद्यापीठ १९७२ त निघालें, व २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. ज्या बागेंत मोगल सरदार सावलीस बसत तेथें आज कलमांच्या नोंदवह्या ठेवल्या जातात, हा योग इतिहासप्रेमी माणसास गमतीचा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मोसंबीचें झाड हें एक झाड नसून दोन असतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. खालीं रंगपूर लिंबाचा अगर जंबेरीचा खुंट, व वर मोसंबीचा डोळा. असें कां करावें लागतें याचा इतिहास दूरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अटलांटिकांतील अझोर्स बेटांवर संत्रावर्गीय बागा डिंक्यानें बसल्या, तेव्हां त्या रोगास दाद न देणाऱ्या आंबट नारिंगाच्या खुंटावर डोळे बांधण्याची चाल जगभर पडली. मग १९३० नंतर दक्षिण अमेरिकेंत त्याच खुंटावरील लाखों झाडें ट्रिस्टेझा नामक विषाणूनें मेलीं, व मावा त्या विषाणूचा वाहक ठरला. एका रोगावरील उपाय दुसऱ्या रोगाचें द्वार झाला. आमच्याकडे रंगपूर लिंबाचा खुंट चालला तो या दोन संकटांतून वाट काढीत. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरावा, म्हणजे पावसाचें चिखलपाणी मोसंबीच्या नाजूक सालीस लागत नाहीं, हा नियमही त्याच अनुभवाचा. शिवाय मोसंबीच्या बीजांत मातेच्याच पेशींपासून झालेले, मातेसारखेच असे जादा गर्भ असतात, व त्यांतून बहुधा विषाणु उतरत नाहीं. यावरून 'न्यूसेलर' मोसंबीची निवड झाली. नागपूरचें लिंबूवर्गीय फळांचें राष्ट्रीय केंद्र १९८५ चें. तेथें कोंबाच्या अगदीं टोंकाचा सूक्ष्म भाग घेऊन रोगमुक्त मातृवृक्ष तयार करितात.

या सर्व साखळींत जो मनुष्य प्रत्यक्ष चाकू धरतो त्याची नोंद आम्हांस कोठेंच दिसत नाहीं. रोपवाटिकांतून फिरून डोळे भरणारे कारागीर असतात. खुंटाच्या सालीस उलट्या 'टी'सारखी चीर देऊन, डोळा न दुखवितां आंत सरकवून, पट्टी बांधून पुढल्या रोपाकडे वळावयाचें, असें त्यांचें काम चालतें. कलम जगलें तर बागाईतदाराचें नशीब, मेलें तर कारागिराचा दोष. रोगट झाडाचा डोळा घेतला गेला तर पांच-सहा वर्षें पाणी घातल्यावर, पहिल्या बहारांत ती फसवणूक उघडकीस येते. तोंवर कारागीर कोण होता याची आठवणही राहिलेली नसते. कौटिल्यानें म्हटलेला 'तज्ज्ञ' तो हाच, परंतु त्याच्या तज्ज्ञतेस परीक्षा नाहीं, सनद नाहीं, व कागद नाहीं. कर्णिकांच्या वंशावळी शोधण्यांत आम्हीं जे श्रम घेतले त्यांचा शतांश जरी या हातांच्या परंपरेकडे लाविला असता तर आज लिहावयास आणखी पुष्कळ असतें.

२०१२-१३ च्या अवर्षणांत जिल्ह्याच्या विहिरी आटल्या, पिण्याचें पाणी टँकरनें आणावें लागलें, तेथें बागेस कोठून मिळणार! कांहींनीं विकतचें पाणी घालून झाडें जगविलीं, कांहींनीं फांद्या छाटून, बुडाशीं पालापाचोळ्याचें आच्छादन घालून झाडाचा पाण्याचा खर्च कमी केला. पुष्कळांस तेंही जमलें नाहीं. मोसंबीचें पीक पांचव्या-सहाव्या वर्षीं सुरू होतें. म्हणून बाग मेली म्हणजे एक हंगाम बुडाला असें नसून कुटुंबाचीं सात-आठ वर्षें बुडालीं. यांतील एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे. त्याच ताणांत कोणत्या खुंटावरचीं, कोणत्या जमिनींतलीं, किती वयाचीं झाडें तगलीं, ही माहिती त्या वर्षीं शेतोशेत मोफत पडलेली होती. ती सरपणाबरोबर चुलींत गेली. १९७२ च्या दुष्काळाविषयीं देखील मजुरीचे व धान्याचे आंकडे मिळतात, झाडांचे मिळत नाहींत.

शेवटीं एका कायद्याविषयीं लिहावयाचें, कारण त्यांत आमच्या संग्राहक बंधूंचा प्रत्यक्ष संबंध येतो. महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांसाठीं वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला. त्यानें प्रत्येक नगरसंस्थेनें वृक्षप्राधिकरण नेमावें व ठराविक मुदतीनें झाडें मोजावींत असें ठरविलें. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें अगर त्याहून अधिक वयाचें झाड 'प्राचीन वृक्ष' ठरलें, आणि झाड तोडावयाचें झाल्यास त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचा दंडक आला. जालन्यास २०२३ सालीं महानगरपालिका झाली, तेव्हां तेथेंही हें सर्व लागू आहे. म्हणजे झाडाचें वय हा आतां कायद्याचा प्रश्न झाला. वय ठरवावयाचें कसें? थंड देशांतील झाडांच्या खोडांत वर्षाचें एक अशीं वलयें मोजतां येतात. आमच्याकडे सागाचीं वलयें बरीच स्पष्ट उमटतात, व त्यांवरून मागील शतकांतील पर्जन्यमानाचे अंदाजही केले गेले आहेत. परंतु वड, पिंपळ, चिंच, आंबा यांचीं वलयें भरंवशाचीं नसतात. मग घेर मोजून अजमास करावयाचा. घेरावरून काढलेलें वय पाण्याजवळच्या झाडास जास्त व खडकावरच्या झाडास कमी येतें. वादाच्या प्रसंगीं असा अजमास दोन्ही पक्षांस आपापल्या बाजूनें ओढतां येतो.

येथें आमच्या रुमालांचा उपयोग आहे. इनामपत्रांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण' हे शब्द ठराविक सांच्याचे, त्यांवरून कोणतेंही विशिष्ट झाड सिद्ध होत नाहीं. त्यांच्या मोहांत पडूं नये. परंतु शिवेच्या तंट्याच्या महजरांत हद्दीच्या खुणा सांगतांना अमुक ओढ्याच्या कांठची चिंच, अमुक देवळामागचा वड, अशीं झाडें नांवानिशीं येतात. वांटणीपत्रांत आमराईंतील झाडें मोजून वांटलेलीं असतात. मशिदी-दर्ग्यांच्या व मठांच्या इनामांच्या चौकशीच्या कागदांत बागेची नोंद असते. असा कागद तारखेसह मिळाला, त्यांतील ठिकाण आजच्या गट नंबराशीं जुळलें, आणि त्या जातीचें जुनें झाड तेथें उभें आढळलें, तर घेराच्या अजमासास कागदाचा आधार येतो. तें झाड तेंच कीं त्याच्या जागीं मागाहून उगवलेलें दुसरें, ही शंका प्रत्येक वेळीं घेतलीच पाहिजे. वडाच्या बाबतींत तर पारंब्यांचीं खोडें होऊन मूळ खोड नाहींसें झालेलें असतें, व तेव्हां वय कशाचें म्हणावयाचें हाच प्रश्न पडतो.

जालना, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठ तालुक्यांतील ज्या गृहस्थांकडे महजर, वांटणीपत्रें अगर बागेच्या जमाखर्चाच्या वह्या असतील, त्यांनीं कागदाची तारीख, मौज्याचें नांव, झाडाची जात जशी लिहिली असेल तशी, व जागेची खूण एवढ्या चार गोष्टी उतरून घ्याव्या. मूळ कागद पाठविण्याचें कारण नाहीं. झाड उभें असल्यास जमिनीपासून साडेचार फुटांवर दोरीनें घेर मोजावा आणि मोजल्याची तारीख लिहावी. झाड नसेल तर तेंही लिहावें.